दूध सोडले, आणि खडा पुन्हा झाला

पहिला मुतखडा ४ मिलिमीटरचा होता. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या कुशीत काहीतरी ठसठसू लागले आणि अर्ध्या तासात त्याची अशी कळ झाली की ती पाठीतून कमरेला वळसा घालून थेट जांघेत उतरू लागली. बसून, उभे राहून, पालथे पडून, कशानेच आराम पडत नव्हता. नंतर डॉक्टरांनी सांगितले की ही येरझाऱ्या घालण्याची तऱ्हाच पुष्कळदा निदान सांगून जाते. अपेंडिक्सचा रुग्ण हलायला घाबरतो, तर खड्याच्या रुग्णाला एका जागी राहवत नाही. खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी येऊन अडकला होता आणि एवढ्या आकाराचे बहुतेक खडे आपोआप पडतात, म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन मला घरी पाठवण्यात आले. लघवी चहाच्या गाळणीतून गाळायची होती. सहाव्या दिवशी गाळणीच्या जाळीवर तिळाहून थोडा मोठा, गडद तपकिरी, खरखरीत असा एक दाणा सापडला, जो भिंगाखाली वाळलेल्या तुतीसारखा दिसत होता. मी तो कागदाच्या पुडीत जपून ठेवला, आल्यागेल्याला दाखवला आणि महिन्याभराने फेकून दिला. तो प्रयोगशाळेत पाठवायचा असतो हे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

त्या वेळी दवाखान्यातून निघताना हातात पथ्याचा एक कागद मिळाला होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेल्या त्या कागदावर वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी होती आणि तिच्या अग्रभागी दूध, दही, चीज ही मंडळी होती. त्यांच्या खाली टोमॅटो, पालक, बिया असलेल्या साऱ्या भाज्या, आणि अगदी शेवटी ‘भरपूर पाणी प्यावे’ एवढे एकच वाक्य. मीठ हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. मी मुळात पथ्य पाळणारा माणूस आहे. अडीच वर्षे मी दुधाचा थेंब घेतला नाही, टोमॅटो चिरताना बिया काढून टाकल्या, आणि अडीच वर्षांनी डाव्या बाजूला ६ मिलिमीटरचा दुसरा खडा निघाला. तो आपोआप पडला नाही. दुर्बिणीने काढावा लागला आणि त्यानंतर दोन आठवडे मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, वागवावा लागला, ज्याविषयी एवढेच म्हणतो की खडा बरा.

या खेपेस डॉक्टर वेगळे होते. त्यांनी तो कागद वाचला, घडी करून मला परत दिला आणि विचारले, “दूध कशासाठी सोडलेत?” मी म्हणालो, “खड्यात कॅल्शियम असते म्हणून.” माझे हे उत्तर इतके सरळ आणि पटण्यासारखे वाटते, की ते चूक कसे आहे हे समजून घ्यायला मला पुढचा बराच काळ लागला. हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

दहापैकी सुमारे आठ खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या काही पदार्थांत असणारे आणि थोडे शरीरातही बनणारे एक रसायन. उरलेल्यांत युरिक ॲसिडचे खडे येतात, जंतुसंसर्गामुळे होणारे स्ट्रुव्हाइटचे खडे येतात आणि सिस्टीनचा विरळा आनुवंशिक प्रकार येतो. या शेवटच्या दोन प्रकारांचे उपचार फार वेगळे असल्यामुळे त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तयार होतो तो लघवीत हे दोन घटक विरघळून राहण्याच्या मर्यादेपलीकडे साचले म्हणजे. अलेक्झांडर रँडल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३७ साली दाखवून दिले की मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे बारीक थर साठतात आणि खडा त्यांना चिकटून वाढू शकतो. म्हणजे ताटात काय वाढले आहे यापेक्षा लघवीत काय आणि किती उतरते, हा खरा प्रश्न आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आतडे बसलेले आहे.

आतड्यातच माझे गणित चुकले होते. अन्नातले कॅल्शियम आणि अन्नातले ऑक्झलेट एकाच जेवणात पोटात गेले तर ते आतड्यातच एकमेकांना धरतात, त्यांचे न विरघळणारे संयुग होते आणि ते शौचावाटे निघून जाते. रक्तात शिरतच नाही. कॅल्शियम कमी खाल्ले की ऑक्झलेटला जोडीदार मिळत नाही, ते मोकळे राहते, आतड्याच्या भिंतीतून शोषले जाते आणि मूत्रपिंडाकडे जाते. मूत्रपिंडाला ते लघवीत टाकण्यावाचून गत्यंतर नसते, कारण शरीराला ऑक्झलेटचा काही उपयोग नाही. शिवाय दूध सोडल्याने लघवीतले कॅल्शियम अपेक्षेइतके कमी होत नाही, कारण त्याची कमी-जास्त पातळी ठरवणारी इतर कारणे असतात आणि गरज पडली तर शरीर हाडांतूनही कॅल्शियम काढते. थोडक्यात, मी अडीच वर्षे माझ्या आतड्यातला पहारेकरी रजेवर पाठवला होता.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. हार्वर्डच्या गॅरी कर्हन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ४५,६१९ पुरुषांच्या चार वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, ज्यांत आहारातून सर्वांत जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खड्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. त्याहून निर्णायक प्रयोग इटलीतल्या पार्मा येथे लोरिस बोर्घी यांनी केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार खडे होणारे आणि लघवीतून जास्त कॅल्शियम टाकणारे १२० पुरुष घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: साठ जणांना दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा, म्हणजे माझ्या कागदासारखाच आहार, आणि साठ जणांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा पण मीठ आणि मांसाहारी प्रथिने कमी असलेला आहार. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या १२ जणांना. माझ्या हातात तो कागद पडला तेव्हा हा निष्कर्ष छापून येऊन कित्येक वर्षे लोटली होती, आणि याचा राग अजून माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगायला हवी. वरचे सारे अन्नातल्या कॅल्शियमविषयी आहे. कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतली तर तिला बांधायला आतड्यात ऑक्झलेट नसते आणि कॅल्शियम मात्र शोषले जाते. अमेरिकेतल्या ३६,२८२ महिलांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या गटात खड्यांचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले होते. हाडांसाठी गोळी घेणे भागच असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ज्यांना खडा झालेला आहे, त्यांनी दिवसाची १,००० ते १,२०० मिलिग्रॅमची गरज शक्यतो दूध, दही अशा अन्नातून आणि दोन-तीन जेवणांत विभागून भागवणे सोयीचे. एका मोठ्या पेल्यातल्या दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असते.

मग लघवीत कॅल्शियम वाढवतो कोण? माझ्या बाबतीत उत्तर होते मीठ. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये मिठातले सोडियम आणि कॅल्शियम हे बरेचसे एकमेकांच्या मागोमाग रक्तात परत घेतले जातात. सोडियम जास्त झाले आणि ते लघवीवाटे टाकावे लागले, की कॅल्शियमही त्याच्याबरोबर वाहून जाते. ढोबळ हिशेब असा सांगतात की रोजच्या सुमारे ६ ग्रॅम जादा मिठामागे लघवीत जवळजवळ ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त उतरते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. मी स्वतःला कमी मीठ खाणारा समजत होतो, कारण मी जेवताना वरून मीठ घेत नाही.

हा समज मोडला तो चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीने. ही तपासणी दिसायला हास्यास्पद आणि करायला कटकटीची आहे, पण माझ्या मते वारंवार खडा होणाऱ्या माणसासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी तपासणी नाही. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा प्रत्येक थेंब एका मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायचा. त्या दिवशी शहाण्यासारखे वागायचे नाही, नेहमी खातो-पितो तसेच खायचे-प्यायचे, नाहीतर तपासणी एका आदर्श माणसाची होते, आपली होत नाही. मी ती सुटीच्या दिवशी केली आणि स्नानगृहात तो कॅन ठेवून घरच्यांना तीन-तीनदा बजावले की कोणी तो धुऊन ठेवू नये.

अहवालात एकूण लघवी १.२ लिटर आली. सोडियम आले २१० मिलिमोल, म्हणजे मी दिवसाला साधारण १२ ग्रॅम मीठ खात होतो. कॅल्शियम आणि ऑक्झलेट दोन्ही मर्यादेच्या थोडे वर, आणि खडे होऊ न देणारे सायट्रेट बरेच कमी. डॉक्टरांनी अहवालावरून बोट फिरवत सांगितले, “यातला एकही आकडा भयंकर नाही, पण सगळे एकाच बाजूला झुकलेले आहेत.”

बारा ग्रॅमवर माझा विश्वास बसला नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी तोलून ठेवली आणि दहा दिवसांनी पुन्हा तोलली. तीन माणसांत २४० ग्रॅम संपले होते, म्हणजे माणशी रोज ८ ग्रॅम. उरलेले चार ग्रॅम कुठून येत होते हे शोधायला पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचावी लागली. ब्रेड, बिस्किटे, तयार सूप, सॉस, वेफर्स. यांतले अर्धे पदार्थ जिभेला खारट लागतसुद्धा नाहीत. पाकिटावर बहुधा सोडियम लिहिलेले असते, मीठ नव्हे. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचा अंदाज येतो. आम्ही बरणीतले मीठ एकदम न तोडता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे कमी केले. पहिला महिना जेवण बेचव वाटले, दुसऱ्या महिन्यात सवय झाली, आणि आता बाहेरचे सूप मला समुद्राच्या पाण्यासारखे लागते.

पाण्याविषयी सगळेच सांगतात, त्यामुळे त्याचे महत्त्व कमी वाटू लागते, पण पुरावा त्याच्याच बाजूने सर्वांत सरळ आहे. बोर्घी यांनीच १९९६ साली पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ लोकांचा पाच वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता; दिवसाला २ लिटरहून अधिक लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. आज साधारणतः २ ते अडीच लिटर लघवी हे ध्येय सांगितले जाते. लक्षात घ्यायचे ते हे की हे माप लघवीचे आहे, पिण्याचे नव्हे. घाम गाळणाऱ्याला त्यासाठी चार लिटर प्यावे लागेल, दिवसभर थंड खोलीत बसणाऱ्याला अडीच-तीन लिटर पुरेल. मी आधीही सकाळी उठल्याबरोबर एक लिटर पीत होतो आणि दिवसभराचे पुण्य पदरात पडले असे मानत होतो; ते पाणी दोन तासांत निघून जायचे आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत लघवी गडद पिवळी राहायची. खडा वाढतो तो अशाच तासांमध्ये. आता रात्री झोपताना एक पेला घेतो आणि मध्यरात्री उठावे लागले तर आणखी अर्धा, आणि झोपमोड हा त्याचा खर्च आहे असे समजतो. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत आहे, त्यांनी मात्र हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चहा-कॉफीने खडा होतो असे मानले जाते, पण मोठ्या पाहण्यांत त्या पिणाऱ्यांना धोका उलट थोडा कमीच दिसला आहे. साखर घातलेल्या शीतपेयांच्या बाबतीत चित्र याच्या विरुद्ध आहे. बिअरने खडा वाहून जातो या समजुतीला कसलाही आधार नाही. लघवी तेवढ्यापुरती वाढते, पुढे शरीर कोरडे पडते आणि युरिक ॲसिड चढते.

ऑक्झलेटविषयी माझ्या जुन्या कागदाने एक गोष्ट बरोबर आणि एक चूक सांगितली होती. पालकात ते खरोखरच भरमसाट असते, १०० ग्रॅमला कित्येकशे मिलिग्रॅम. बीट, बदाम, काजू, कोको, गव्हाचा कोंडा यांतही बरेच असते. टोमॅटोत ते नगण्य आहे. टोमॅटोच्या बीचा मूत्रपिंडातल्या खड्याशी संबंध केवळ दिसण्यातला असावा, कारण बी पचनमार्गातून जाते आणि पचनमार्गाचा लघवीच्या मार्गाशी कुठेही सांधा नाही. पालक ज्याला सोडवत नाही त्याने तो भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि त्याच जेवणात दही घ्यावे. पण ऑक्झलेटच्या भीतीने सगळ्याच भाज्या आणि फळे सोडणे हा मोठा तोटा आहे, कारण सायट्रेट आणि पोटॅशियम तिथूनच मिळते. आणखी एक चोरवाट आहे ती क जीवनसत्त्वाच्या १,००० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची. शरीर त्यातल्या काही भागाचे ऑक्झलेट बनवते. सर्दी टाळण्यासाठी मी त्या गोळ्या दर हिवाळ्यात दोन महिने घेत होतो आणि त्या औषध असल्यामुळे त्यांचा आहाराशी संबंध जोडावा असे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

सायट्रेट कॅल्शियमला लघवीत धरून ठेवते आणि ऑक्झलेटकडे जाऊ देत नाही. ते वाढवण्याचा घरगुती मार्ग म्हणजे लिंबू. दिवसभरात तीन-चार लिंबांचा रस पाण्यातून विभागून घेतला तर काहींच्या लघवीतले सायट्रेट वाढते. काहींचे वाढत नाही, आणि तेव्हा पोटॅशियम सायट्रेटचे औषध द्यावे लागते, जे रक्ताची तपासणी केल्याशिवाय घेण्याजोगे नाही. मी पहिले पंधरा दिवस लिंबूपाणी चवीला साखर आणि चिमूटभर मीठ घालून पीत होतो. हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, पण त्यांना हसू आवरावे लागले. मांस, मासे आणि अंडी यांतली प्रथिने शरीरातले आम्ल वाढवतात, त्यामुळे सायट्रेट घटते आणि युरिक ॲसिड वाढते; म्हणून प्रथिने वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ते १ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. मी मांसाहार मुळातच कमी करतो, त्यामुळे या आघाडीवर मला फारसे काही सोडावे लागले नाही.

आहाराने काय होत नाही हेही सांगून ठेवतो. एकदा तयार झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कोणत्याही रसाने, काढ्याने किंवा पथ्याने विरघळत नाही. युरिक ॲसिडचा खडा तेवढा विरघळू शकतो, कारण तो आम्लधर्मी लघवीत बनतो आणि औषधाने लघवीची आम्लता कमी करून तिचा पीएच (आम्लतेचे माप) साडेसहाच्या आसपास नेला की हळूहळू झिजतो. म्हणून खडा कशाचा आहे हे कळणे महत्त्वाचे, आणि म्हणून तो फेकून देऊ नये. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असताना कळ आली, तर पाणी पीत वाट पाहत बसू नये. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा हिशेब असतो.

तीन महिन्यांनी मी पुन्हा कॅन भरला. लघवी २.३ लिटर, सोडियम १२० मिलिमोल, कॅल्शियम आणि सायट्रेट मर्यादेत. ऑक्झलेट मात्र पहिल्यापेक्षा किंचित वाढलेले. दूध रोज दोन वेळा चालू होते, पालक महिन्यातून एकदा, क जीवनसत्त्व बंद. कारण काही केल्या सापडेना. शेवटी डॉक्टरांनी विचारले की वेफर्स सोडल्यापासून दुपारी चारला भूक लागते तेव्हा काय खाता. बदाम खात होतो, मूठभर, बिनमिठाचे, आणि त्याचा मला अभिमानही होता. आता सहा-सात खातो, तेही वाटीभर दह्याबरोबर, आणि पुढचा कॅन कपाटावर धुऊन ठेवलेला आहे.